तरी, खुश्की आणि बागायत

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवर अर्धापूर मागे टाकले की काही मैलांवर डोंगरकडा लागते. तालुका कळमनुरी. जिल्हा पूर्वी परभणी होता, १ मे १९९९ पासून हिंगोली झाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी या वाटेने जाणाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसतात, मध्येच उसाचे फड लागतात, आणि खळ्यांवर वाळत घातलेल्या हळदीचा वास येतो. शहरातला मनुष्य हे पाहून म्हणतो, मराठवाडा दुष्काळी म्हणतात तो कोठला? तो असे म्हणतो यात त्याचा दोष नाही; पण हे हिरवेपण तेथे केव्हापासून आहे आणि ते कोणाच्या पदरी पडले, हा प्रश्न मात्र त्याला सहसा सुचत नाही. आजच्या व्याख्यानात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो घेताना आम्हांला थोडे तेलंगणात, थोडे धुळ्याकडे आणि बरेचसे रायचुराकडे जावे लागेल. श्रोत्यांनी कंटाळू नये ही विनंती.

निजामाच्या राज्यात जमिनीची तीन नावे होती: तरी, खुश्की आणि बागायत. तरी म्हणजे तळ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्याखालची, बहुतेक भाताची जमीन. खुश्की म्हणजे नुसत्या पावसावरची. आणि बागायत म्हणजे विहिरीच्या मोटेवर भिजणारी. साऱ्याची आकारणी या नावांवरून होई, आणि तरीचा सारा खुश्कीहून कितीतरी जड असे. महसुलाच्या दप्तरातले हे तीन शब्द नीट ध्यानात घेतले की त्या राज्याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. तरी होती ती मुख्यतः तेलंगणात. काकतीय राजांच्या काळापासून तेथे तळी बांधण्याची परंपरा होती. रामप्पा, पाखाल ही तेराव्या शतकातली तळी आजही पाण्याने भरतात. तेथील जमीन उंचसखल, खडकाळ, तांबडी. ओढ्याला आडवा बांध घातला की तळे होते, आणि तळ्याखाली भात होतो. पाणी म्हणजे भात, हे समीकरण तेथल्या कुणब्याच्या रक्तात सातशे वर्षे मुरलेले.

मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत मात्र खुश्कीच खुश्की. देगलूर-बिलोलीकडच्या पूर्व कडेला तेवढी साळ दिसे. बाकी सगळे रान ज्वारीचे आणि कापसाचे. काळी भारी जमीन पावसाचे पाणी आपल्या पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडीत नुसत्या दवावर येते. मग तळी बांधण्याची निकड कोणाला वाटावी? राज्यकर्त्यांनाही वाटली नाही. मांजरा नदीवर निजामसागर बांधला तो १९२३ ते १९३१ या वर्षांत, नवाब अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली. पाणी गेले निजामाबादेच्या भाताला. मांजरा उगम पावते बीडच्या डोंगरात, वाहते मराठवाड्यातून, आणि भिजवते तेलंगण. त्या पाण्यावर भाताबरोबर ऊस आला, कारण १९३७ साली बोधनला साखरेचा कारखाना निघाला. भाताच्या रानात दुसरे पीक घुसते ते कशाने, याचे हे चांगले उदाहरण आहे. कुणब्याला कोणी उपदेश केला म्हणून ऊस आला नाही. गाडीभर ऊस रोख पैशाने घेणारे दार जवळ उघडले म्हणून आला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अलीकडे शेतीचे बोलणे निघाले की ‘पीक-विविधता’ हा शब्द नवा शोध लागल्यासारखा उच्चारला जातो. डोंगरकड्याच्या खुश्कीत ही विविधता पूर्वीपासून होती. तिफणीने कापूस पेरताना सहा-आठ तासांनंतर एक तास तुरीचे, ज्वारीत मूग-उडीद, धुऱ्याला अंबाडी, कोठे तीळ, कोठे कारळे. पाऊस लवकर गेला तर मूग पदरात पडे, उशिरा लांबला तर तूर साधे. ज्वारी पेवात जाई आणि कडबा बैलाला. मोटेच्या पाण्यावर प्रत्येक गावात एखादे मळ्याचे रान असे, त्यात चार केळी, वाफाभर हळद, कांदा, मिरची. गरिबीची का होईना, ती पुरती विचार करून बसवलेली शेती होती. तिच्यात एक उणीव होती, आणि ती फार मोठी: तिच्यातून पैसा निघत नसे. जो निघे तो कापसातून, आणि कापसाचा भाव नांदेडच्या अडतीवर आणि त्याहून दूर कोठेतरी ठरे.

आता विविधता आणि पाणी यांचा संबंध आमच्या पूर्वजांनी आणखी एका ठिकाणी फार निराळ्या रीतीने जोडला होता, त्याकडे वळतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर लहान लहान बंधारे आहेत, आणि त्यांच्याखाली ‘फड’ नावाची पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आलेली आहे. बंधाऱ्याखालच्या सगळ्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे करावयाचे. एकेका तुकड्याला फड म्हणावयाचे. या वर्षी एका फडात सगळ्यांनी ऊस लावावयाचा, दुसऱ्यात सगळ्यांनी भात, तिसऱ्यात गहू किंवा ज्वारी, चौथ्यात भुईमूग किंवा असेच एखादे हलक्या पाण्याचे पीक. पुढील वर्षी फड फिरतो. उसाचे रान विसावा घेते आणि विसाव्याच्या रानाला भात किंवा ऊस येतो. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे उसाचा पैसाही सर्वांना आणि ज्वारीची भाकरही सर्वांना.

या व्यवस्थेला सरकारी अंमलदार लागत नसे. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, वरती हवालदार असे. त्यांचा मेहनताना शेतकरीच देत, आणि पाट साफ करण्याला घरटी माणूस येई. पाऊस कमी झाला तर उसाचा फड लहान करावयाचा की भाताचा सोडून द्यावयाचा, हे पंच बसून ठरवीत. आमच्या मते या पद्धतीचे मर्म पाटात किंवा बंधाऱ्यात शोधू नये. भात आणि ऊस ही पाणी पिणारी पिके कोणा एकाच्या हाती न देता ती गावाच्या फेऱ्यात बांधून टाकली, हे तिचे मर्म. एकट्या शेतकऱ्याला भात सोडून दुसरे पीक घ्या असे सांगणे फुकट असते. शेजारच्याच्या वाफ्यातून झिरपणारे पाणी त्याच्या रानात भाताशिवाय दुसरे काही येऊच देत नाही. सगळा फडच बदलला तर मात्र प्रत्येकाचे रान बदलते.

भंडारा आणि चांदा या झाडीपट्टीतला प्रकार याच्या मधला. तेथे कोहळी लोकांनी गोंड राजांच्या आश्रयाने शेकडो तळी बांधली. नवेगाव बांधचे विस्तीर्ण तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कोहळी हे भाताइतकेच उसाचे शेतकरी होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. भाताच्या बांधीत कापणीपूर्वी पंधरवडाभर, उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकून द्यावयाचा. भात निघाला की त्याच ओलीवर दुसरे पीक उभे. त्याला तिकडे उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, आणि वरणाची सोय होते. कोकणात भातानंतर वाल टाकतात तोच हा मार्ग. पुढे १९६० नंतर ‘सघन शेती जिल्हा’ योजनेत महाराष्ट्रातून भंडारा निवडला गेला, खते आली, १९६६ च्या सुमारास आयआर-८ सारखे बुटके भात आले. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण त्या योजनेने एकरी किती भात एवढेच मोजले, बांधीतल्या बाकीच्या गोष्टी मोजल्या नाहीत. असो.

आता मुख्य कथेकडे.

हैदराबादचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन तुकडे झाले: तेलंगण आंध्राला, रायचूर-गुलबर्गा-बीदर म्हैसूरला, मराठवाडा मुंबईला. एका राज्यातून निघालेल्या दोन काळ्या रानांवर पुढील दहा-पंधरा वर्षांत मोठ्या कालव्यांचे पाणी आले. एक रायचूर, दुसरे परभणी-नांदेड. दोन्हीकडे ज्वारी-कापूस, दोन्हीकडे खुश्की, दोन्हीकडे पाण्याची सवय नसलेला कुणबी. इतिहासाने जणू प्रयोगच मांडून ठेवला.

रायचुराचे आधी सांगतो. तुंगभद्रेचे धरण १९४५ साली सुरू होऊन १९५३ साली पुरे झाले. ते बांधणाऱ्यांच्या मनात भात नव्हता. दुष्काळी मुलुखाला थोडे थोडे पाणी पुष्कळ एकरांवर द्यावे, म्हणजे ज्वारी-कापूस बुडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. कोणत्या शेतात कोणते पीक हेही सरकारने ठरवून दिले होते. भात आणि ऊस थोड्याच जमिनीवर, बाकी सारे हलक्या पाण्याचे. कागदावर ही विविधता सुरेख होती. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. आंध्रच्या किनाऱ्याकडचे, कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळचे शेतकरी आपल्या महाग जमिनी विकून तेथे आले, स्वस्तात रान घेतले, त्यांनी ‘कॅम्प’ वसवले, जमिनी सपाट केल्या आणि भात लावला. त्यांना पाणी म्हणजे भात हे ठाऊक होते. तांदळाला गिरणी होती, गिरणीला व्यापारी होता, आणि वर्षातून दोन पिके निघत होती. कालव्याच्या तोंडाकडच्या स्थानिक शेतकऱ्यांनी त्यांचे पाहून तेच केले. गंगावती, सिंधनूर हा भाग भाताचे कोठार झाला. शेपटाकडच्या गावांना ज्या पाण्याचा वायदा होता ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. आणि तोंडाकडच्या कित्येक रानांत पाणी साठून मीठ वर आले. पीक ठरवून देणारे सरकारी कागद आजही कोठेतरी असतील.

यावरून भातावर ठपका ठेवणे आम्हांला मान्य नाही. आंध्रातून आलेला तो शेतकरी कष्टाळू होता, हिशेबी होता, आणि त्याने पडीक रानातून सोने काढले. त्याने पाणी चोरले म्हणण्यापेक्षा, तोंडाकडच्याला अडवील असा कोणी तेथे नेमलेलाच नव्हता, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. फडावर हवालदार होता. तुंगभद्रेवर त्याच्या जागी फक्त एक कोष्टक होते.

आता आमच्या बाजूचे. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्याखाली औंढ्याच्या बाजूस सिद्धेश्वर, अशी दोन धरणे १९५८ ते १९६८ या दहा वर्षांत झाली. येलदरीला वीज होते, सिद्धेश्वरातून कालवा निघतो, आणि परभणी, वसमत, नांदेडकडचे सुमारे ५८ हजार हेक्टर रान त्याखाली धरलेले आहे. पुढे पैनगंगेवर इसापूरचे धरण १९८२ साली पुरे झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी कळमनुरी, अर्धापूर, नांदेड या बाजूस आले. डोंगरकड्याचे नशीब पालटले ते या पाण्याने.

पाणी आले म्हणून शेतकऱ्याने उडी मारली असे मात्र झाले नाही. पहिल्या वर्षांत कालवा वाहतो आहे आणि कडेचा शेतकरी पाणी घेत नाही, असा देखावा होता. शहरातल्या लोकांनी त्याला आळशी ठरवले. तो आळशी नव्हता. काळ्या जमिनीला पाणी जास्त झाले की ती चिबडते, तिच्यात पाय घालता येत नाही, आणि एकदा चिबडलेले रान दोन-चार वर्षे उठत नाही, हे त्याला बापजाद्यांपासून माहीत होते. शिवाय कालव्याचे पाणी घेतले की पाणीपट्टी द्यावी लागे. आणि ज्वारी तर पाण्यावाचून येतच होती. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली तेव्हा कोठे पाण्याला आणि खताला जवाब देणारे पीक त्याच्या हाती लागले. मग गहू आला, भुईमूग आला. परभणीला शेतीचे महाविद्यालय होतेच. १८ मे १९७२ रोजी तेथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळाने पाण्याची किंमत न समजलेल्यालाही समजावून दिली.

मग डोंगरकड्याने भात का लावला नाही? काळ्या जमिनीत भात होत नाही हे उत्तर खरे नव्हे. रायचुराने ते खोटे पाडले आहे. खरे उत्तर असे की येथे भात खाणारे कोणी नव्हते, भाताला गिरणी नव्हती, भाताची लावणी येणारे हात नव्हते, आणि आंध्रातून माणसे आली नाहीत. येथे जे होते ते मोटेच्या मळ्यातले चार केळीचे खुंट. विहिरीच्या वाफ्यात आजीने जपलेले पीक कालव्याच्या पाण्यावर रानभर झाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नांदेड जवळ, रेल्वे जवळ, हैदराबादची बाजारपेठ जवळ. खानदेशात, रावेर-यावलकडे, केळीने काय केले ते लोकांनी पाहिले होते. अर्धापूरच्या बुटक्या बसराई जातीच्या केळीला ‘अर्धापुरी’ हे स्वतःचे नाव मिळाले. नांदेडला केळीचे संशोधन केंद्र आहे.

केळीचा हिशेब शहरी श्रोत्यांना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पाच-पाच फुटांवर एक झाड धरले तर एकरी सतराशेंवर झाडे बसतात. लागवडीपासून घड उतरेपर्यंत वर्ष ते दीड वर्ष जाते, आणि या सगळ्या काळात तिला पाण्याचा खंड चालत नाही. म्हणजे ज्वारीने जे रान पावसाच्या ओलीवर चार महिने वापरले तेच रान केळीने बारा-पंधरा महिने कालव्याला बांधले. त्यात नफा मोठा. एका चांगल्या बागेने घर बांधले, मुलीचे लग्न झाले, मुलगा पुण्याला शिकला. हे सारे आम्ही नाकारत नाही. आता ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन रोपे आली, ठिबकाच्या नळ्या आल्या, आणि या भागातली केळी आखाती देशांपर्यंत जाऊ लागली.

पण वारे सुटले की उभी बाग एका संध्याकाळी आडवी होते. भाव पडला की घड बांधावर टाकावे लागतात, कारण केळे पेवात ठेवता येत नाही. आणि तिसरी गोष्ट जगाच्या पाठीवरून सांगण्यासारखी आहे. मध्य अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैलोगणती केळीचे मळे होते, आणि त्या सगळ्यांत एकच जात, ग्रो मिशेल. पनामा रोग म्हणून एक बुरशी मुळांतून शिरली, आणि १९६० च्या आसपास ती जात व्यापारातून उठली. तिच्या जागी कॅव्हेंडिश घराण्यातली केळी लावली गेली, कारण त्यांना तो रोग होत नसे. आमची अर्धापुरी, बसराई, ग्रँड नैन ही सारी त्याच कॅव्हेंडिश घराण्यातली. त्या घराण्यालाही लागणारा पनामा रोगाचा नवा वाण पूर्वेकडच्या देशांत निघाला, आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला. तो मातीतून आणि रोपांतून पसरतो, आणि एकदा मातीत बसला की वर्षानुवर्षे हलत नाही. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. परंतु एकाच जातीचे एकच पीक रानभर म्हणजे काय, हे यावरून कळावे.

मूग, उडीद, तूर, अंबाडी यांनी भरलेली खुश्की गेली आणि तिच्या जागी केळी आणि ऊस ही दोनच पिके बसली, तर त्याला विविधता कसे म्हणावे? कोरडवाहू रानातही १९९० नंतर सोयाबीनने ज्वारीला आणि कापसाला मागे सारले. कडबा गेला तशी बैलजोडी गेली. आणि कालव्याच्या शेपटाशी असलेल्या गावांची तक्रार सिंधनूरच्या खालच्या गावांसारखीच आहे, फक्त तेथे पाणी भात पितो आणि येथे केळी व ऊस पितात.

या सगळ्यात हळदीने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अक्षय तृतीयेनंतर लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांत निघते. म्हणजे तिला खरे कडक उन्हाळ्यातले पाणी लागत नाही. ओले कंद कढईत शिजवून, वाळवून, पिंपात घोळून चकाकी आणली की पाच क्विंटलांचे एक क्विंटल उरते, पण ते एक क्विंटल टिकते. भाव नसेल तर पोत्यात भरून ठेवता येते. त्याच रानात लागोपाठ हळद घेतली की कंद कुजतात, म्हणून पाठीवर सोयाबीन, हरभरा, गहू असे काही घ्यावेच लागते. जी पाळी फडावर पंच लावीत ती येथे कंदकुजीच्या भयाने लागते. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत ही हळद येते. वसमतला २०२२ साली हळदीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले, आणि २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. खणणे, वेचणे, शिजवणे यांत बायकांच्या हातांना महिनोन्महिने काम असते, आणि त्या कामाचे मोल अजून फार कमी आहे, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

राहिला पाण्याच्या वाटणीचा प्रश्न. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. चारीवरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था करावी, सरकारने तिला घनमापाने मोजून पाणी द्यावे, आणि त्या पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे हे संस्थेतल्या शेतकऱ्याने स्वतः ठरवावे, असा तो कायदा आहे. पांझरेच्या फडावर पीक पंचांच्या हुकमाने येई आणि पाणी सर्वांना मिळे. तुंगभद्रेवर पीक सरकारी कागदावर राहिले आणि पाणी तोंडाकडच्याने घेतले. इसापूरच्या कालव्यावर आता पीक मोकळे आहे आणि पाणी मोजून द्यावयाचे आहे. मोजण्याचे यंत्र चारीच्या तोंडाशी बसते. पाळी आल्यावर ते पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेणारा पाटकरी कोण, हे त्या त्या गावाने ठरवावयाचे आहे.